मोटारगाडी, जुनी : खरेदी व अर्थपुरवठा

एकदा नोंदणी होऊन एका किंवा अधिक मालकांनी वापरलेली मोटारगाडी पुन्हा विकत घेण्याच्या व्यवहारास व्यापारात ‘वापरलेल्या गाडीचा व्यवहार’ आणि बोलीभाषेत ‘सेकंडहँड गाडी घेणे’ असे म्हणतात. नवी मोटार घेणे ज्यांच्या आवाक्याबाहेर असते, अशा मर्यादित उत्पन्नाच्या कुटुंबांना मोटारीचा लाभ मुख्यतः याच मार्गाने झाला आहे. या व्यवहाराची दोन अंगे आहेत. गाडी विश्वासार्ह आहे की नाही याची पारख हे पहिले, तर तिच्यासाठी लागणाऱ्या पैशाची उभारणी हे दुसरे अंग होय. महाराष्ट्रातील, विशेषतः मुंबई ते कल्याण-बदलापूर या पट्ट्यातील, या व्यवहाराचा इतिहास पाहता असे दिसते, की प्रारंभी टंचाई होती ती गाडीची. पुढे ही टंचाई दूर झाली. परंतु गाडीच्या पूर्वेतिहासाविषयीची आणि कर्जाच्या खऱ्या किमतीविषयीची खात्रीलायक माहिती दुर्मिळच राहिली. गाडीच्या नोंदणीचा, भाडे-खरेदीचा व कर्जबोजाचा कायदा घडत गेला तो बहुतांशी ही उणीव भरून काढण्याच्या प्रयत्नांतूनच.

प्रारंभीचा काळ : मुंबईत मोटारी आल्या त्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. त्या काळी मोटार ही संस्थानिक, मोठे व्यापारी, गिरणीमालक व यूरोपीय अधिकारी यांचीच मिरासदारी होती. बदली झालेले वा निवृत्त होऊन मायदेशी परतणारे अधिकारी जाताना आपल्या गाड्या विकून टाकीत. वकील, डॉक्टर आदी एतद्देशीय व्यावसायिकांच्या हाती मोटार येऊ लागली, ती काही अंशी अशा विक्रीमुळे. १९१४ च्या भारतीय मोटारवाहन अधिनियमाने देशभर वाहननोंदणीची चौकट घालून दिली. त्याची जागा घेणाऱ्या १९३९ च्या अधिनियमात मालकीच्या हस्तांतरणाविषयी अधिक तपशीलवार तरतुदी होत्या. जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीने १९२८ मध्ये मुंबईतील शिवडी येथे सुट्या भागांची जुळणी करून मोटारी तयार करण्याचा कारखाना काढला. फोर्ड कंपनीचीही मुंबईत अशीच जुळणी होत असे. त्यामुळे नव्या गाड्यांची आवक वाढली आणि ओघानेच जुन्या गाड्यांचीही. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने काढून टाकलेल्या जीप व मालमोटारी लिलावात विकल्या गेल्या. त्यांस लोक ‘डिस्पोजलचा माल’ म्हणत. ज्या कल्याण छावणीतून पुढे १९४९ मध्ये उल्हासनगर वसले, ती याच युद्धकाळातील लष्करी छावणी होती.

टंचाईचा काळ (१९४७–८३) : स्वातंत्र्योत्तर काळात देशी मोटार उद्योगाच्या वाढीसाठी आयातीवर कडक निर्बंध घालण्यात आले. केवळ जुळणी करणाऱ्या व उत्पादनाचा कार्यक्रम नसलेल्या कंपन्यांनी काम बंद करावे, असे धोरण १९५३ च्या प्रशुल्क आयोगाच्या अहवालानंतर स्वीकारण्यात आले. परिणामी जनरल मोटर्स व फोर्ड यांनी १९५३-५४ च्या सुमारास आपले येथील काम आवरते घेतले. बाजारात मुख्यतः तीन कारखान्यांच्या मोटारी उरल्या : बंगालमधील उत्तरपाडा येथील हिंदुस्थान मोटर्स, मद्रासची स्टँडर्ड आणि मुंबईतील कुर्ला येथील प्रीमिअर ऑटोमोबाइल्स. यांपैकी प्रीमिअर ही वालचंद हिराचंद यांच्या उद्योगसमूहाने १९४४ मध्ये स्थापिलेली कंपनी होती. तिने प्रथम क्रायस्लर कंपनीच्या आणि पुढे इटलीच्या फियाट कंपनीच्या सहकार्याने मोटारी तयार केल्या. फियाट ११०० ही गाडी १९५० च्या दशकापासून कुर्ल्यात तयार होऊ लागली. तिचीच पुढील आवृत्ती १९७० च्या दशकात ‘प्रीमिअर पद्मिनी’ या नावाने प्रसिद्धीस आली.

उत्पादन मर्यादित व मागणी मोठी असल्याने नव्या गाडीसाठी अनामत भरून अनेक वर्षे वाट पाहावी लागे. मोटारींचे वाटप व विक्री यांवर नियंत्रण ठेवणारा आदेश केंद्र शासनाने १९५९ मध्ये काढला. किमतीही नियंत्रित होत्या व त्यांच्या रास्तपणाचा वाद १९७० च्या दशकाच्या प्रारंभी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. नियंत्रित किंमत व प्रत्यक्ष मागणी यांतील तफावतीतून जुन्या गाडीच्या बाजारास एक चमत्कारिक रूप आले. ज्याच्या नावावर नुकतीच गाडी निघाली असे तो ती लगेच विकू लागल्यास त्याला मूळ किमतीहून अधिक रक्कम मिळे. या वरच्या रकमेस व्यापारी भाषेत ‘ऑन’ म्हणत. स्कूटरच्या बाबतीतही हाच शब्द रूढ होता. वापराने वस्तूचे मूल्य घटते, हा सर्वसामान्य नियम या बाजारात काही काळ उलटा झाला होता. परदेशी वकिलातींनी वापरलेल्या मोटारी राज्य व्यापार निगमामार्फत लिलावात विकल्या जात. त्या घेणारा वर्ग अर्थातच सधन असे.

सामान्य नोकरदाराच्या वाट्यास या काळात येई ती दहा-पंधरा वर्षे चाललेली फियाट, ॲम्बॅसडर किंवा स्टँडर्ड हेरल्ड. तरीही या गाड्या विश्वासार्ह मानल्या जात. त्यांची रचना दीर्घकाळ फारशी बदलली नाही व त्यांचे सुटे भाग सर्वत्र मिळत. गल्लीतील मिस्त्रीला त्यांचे इंजिन खोलून पुन्हा बांधता येत असे. सिलिंडर झिजल्यास ‘बोअर’ करून घेणे, पत्रा गंजल्यास तो कापून नवा जोडणे, ही कामे छोट्या गॅरेजातही होत. मुंबईतील चोरबाजार व कुर्ला येथील मोडीत काढलेल्या गाड्यांच्या भागांचा बाजार या दुरुस्तीव्यवसायाचे मोठे आधार होते. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी प्रामुख्याने फियाट जातीच्या असल्याने तिच्या दुरुस्तीचे ज्ञान शहरभर पसरले होते. गाडीची विश्वासार्हता केवळ तिच्या घडणीवर नव्हे, तर ती दुरुस्त करू शकणाऱ्या कारागिरांच्या व मिळणाऱ्या सुट्या भागांच्या संख्येवरही अवलंबून असते, हा त्या काळाचा धडा पुढेही खरा ठरला. पद्मिनीचे उत्पादन एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी बंद झाले आणि वयोमर्यादेच्या नियमानुसार मुंबईच्या रस्त्यांवरील तिची टॅक्सी म्हणून सेवा ३० ऑक्टोबर २०२३ रोजी संपुष्टात आली.

भाडे-खरेदी व कर्जबोजा : जुन्या गाडीस बँका दीर्घकाळ कर्ज देत नसत. स्वतःची बचत, नातेवाइकांकडून उसनवारी, भिशी, दागिन्यांवरील कर्ज, कामगारांच्या सहकारी पतसंस्था आणि शासकीय कर्मचाऱ्यांना मिळणारे वाहन-अग्रिम हे पैशाचे नेहमीचे मार्ग होते. यांखेरीज सावकार होते. त्यांच्यावर मुंबई सावकारी अधिनियम, १९४६ चे व पुढे महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ चे नियंत्रण आले.

वाहनांसाठी विशेषत्वाने रूढ झालेली पद्धत म्हणजे भाडे-खरेदी होय. हिच्यात गाडी वित्तसंस्थेच्या मालकीची राहते, घेणारा ती भाड्याने वापरतो आणि शेवटचा हप्ता भरल्यावर नाममात्र रकमेने ती विकत घेण्याचा त्याला हक्क मिळतो. या पद्धतीचे कायदेशीर स्वरूप इंग्लंडमध्ये १८९५ च्या हेल्बी विरुद्ध मॅथ्यूज या पियानोच्या खटल्यात निश्चित झाले. हप्ते पूर्ण होईपर्यंत भाडेकरू हा खरेदीदार नसतो, असा तो निर्णय होता. भारतात मालमोटारींच्या व्यवसायात ही पद्धत फोफावली. १९५४ मध्ये मद्रास येथे स्थापन झालेली सुंदरम फायनान्स ही या क्षेत्रातील एक जुनी संस्था होय. १९७९ मध्ये स्थापन झालेल्या श्रीराम ट्रान्सपोर्ट फायनान्स या संस्थेने जुन्या मालमोटारी घेणाऱ्या, एक-दोन गाड्यांच्या मालकांना कर्ज देण्यावर भर दिला. ज्यांच्याकडे उत्पन्नाचे कागद नसत त्यांची पत स्थानिक चौकशीतून ठरविण्याची तिची रीत होती. जुन्या वाहनावरील कर्जाचा व्यवसाय मोठ्या प्रमाणावर चालू शकतो, हे त्यातून दिसून आले. मुंबईत १९९१ मध्ये स्थापन झालेली महिंद्र समूहाची वित्तसंस्था ग्रामीण व निमशहरी भागांत पसरली.

भाडे-खरेदीतील ग्राहकास संरक्षण देण्यासाठी संसदेने १९७२ मध्ये भाडे-खरेदी अधिनियम संमत केला. परंतु तो प्रत्यक्ष अंमलात आला नाही व २००५ मध्ये रद्दच करण्यात आला. त्यामुळे या व्यवहारांचे नियमन करार, न्यायालयीन निर्णय, रिझर्व्ह बँकेचे निर्देश आणि मोटारवाहन कायद्यातील नोंदीच्या तरतुदी यांवरच अवलंबून राहिले. १ जुलै १९८९ पासून अंमलात आलेल्या मोटारवाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५१ नुसार भाडे-खरेदी, भाडेपट्टा किंवा तारणगहाण यांची नोंद गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर केली जाते. व्यवहारात हिलाच ‘कर्जबोजा चढविणे’ व कर्ज फिटल्यावर ती काढून टाकण्यास ‘बोजा उतरविणे’ म्हणतात. थकबाकीदाराची गाडी ताब्यात घेण्याचा वित्तसंस्थेचा करारातील हक्क न्यायालयांनी मान्य केला आहे. मात्र त्यासाठी गुंडांचा वापर करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये स्पष्ट केले.

विपुलतेचा काळ : मारुती ८०० ही गाडी डिसेंबर १९८३ मध्ये सु. ४७,५०० रुपयांस बाजारात आली. प्रारंभीची काही वर्षे तिच्यावरही ‘ऑन’ होता. परंतु उत्पादन वाढत गेले, तसतशी टंचाई ओसरली. १९९३ मध्ये मोटार उद्योग परवानामुक्त झाला व अनेक परदेशी कंपन्या आल्या. नवी गाडी हप्त्यावर सहज मिळू लागल्याने लोक चार-पाच वर्षांतच गाडी बदलू लागले आणि बऱ्यापैकी स्थितीतील जुन्या गाड्या बाजारात येऊ लागल्या. मारुती कंपनीने २००१ मध्ये स्वतःची जुन्या गाड्यांची विक्रीशाखा सुरू केली. पुढे इतर उत्पादक व मध्यस्थ कंपन्याही या धंद्यात उतरल्या. तपासणी केलेली व काही महिन्यांची हमी असलेली गाडी हे नवे प्रकरण होते. तिची किंमत खाजगी विक्रीतील गाडीपेक्षा अधिक असे. हा फरक म्हणजे एका परीने माहितीचीच किंमत होय.

याच काळात ‘पोरक्या’ गाड्यांचाही प्रश्न उद्भवला. प्रीमिअर कंपनीच्या कल्याण-डोंबिवली परिसरातील कारखान्यात फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या सहकार्याने तयार होणारी ३०९ ही गाडी १९९० च्या दशकातच बंद पडली. देवू, ओपेल यांच्या गाड्याही कालांतराने बाजारातून गेल्या. शेव्हरोले गाड्यांची भारतातील विक्री २०१७ मध्ये थांबली आणि फोर्डने येथील उत्पादन बंद करण्याचा निर्णय २०२१ मध्ये जाहीर केला. अशी गाडी जुन्या बाजारात स्वस्त मिळते व तिची मूळ घडणही चांगली असू शकते; पण सुटे भाग व जाणकार कारागीर दुर्मिळ झाल्यास एखादी किरकोळ दुरुस्तीही स्वस्ताईचा लाभ पुसून टाकते. याउलट मारुती ८००, अल्टो, वॅगन आर, सँट्रो यांसारख्या मोठ्या संख्येने खपलेल्या साध्या गाड्यांना जुन्या बाजारात टिकाऊ मागणी राहिली.

माहितीचा प्रश्न : विक्रेत्यास गाडीचे दोष ठाऊक असतात, खरेदीदारास नसतात. या विषमतेचा अर्थशास्त्रीय विचार जॉर्ज ॲकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९७० मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात जुन्या मोटारींचेच उदाहरण घेऊन केला. चांगली व वाईट गाडी ओळखता येत नसल्यास खरेदीदार दोहोंसाठी मधली किंमत देऊ करतो. ती चांगल्या गाडीच्या मालकास परवडत नाही व तो बाजारातून निघून जातो, आणि बाजारात सदोष माल उरतो. याच निबंधात त्यांनी भारतातील कर्जव्यवहाराचेही उदाहरण दिले आहे. ऋणकोची माहिती असलेला स्थानिक सावकारच कर्ज देऊ शकतो व म्हणून तो चढे व्याज घेऊ शकतो, असा त्याचा आशय आहे. ॲकरलॉफ यांना २००१ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. जुनी गाडी कर्जाने घेणाऱ्या कुटुंबाच्या बाबतीत या दोन्ही उणिवा एकत्र येतात. ज्या मध्यस्थाकडून गाडी घेतली जाते, तोच पुष्कळदा कर्जही मिळवून देतो. त्यामुळे गाडीचा दोष व कर्जाचा भार हे दोन्ही एकाच ठिकाणी झाकले जाण्याचा संभव असतो.

शिरगाव-बदलापूर परिसर : या प्रश्नांचे प्रत्यक्ष रूप मुंबई महानगराच्या कडेला वसलेल्या वसाहतींत चांगले दिसते. शिरगाव हा ठाणे जिल्ह्यातील कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेच्या हद्दीतील भाग होय. बदलापूर स्थानक मुंबईपासून लोहमार्गाने सु. ६८ किमी. अंतरावर कल्याण-कर्जत मार्गावर आहे. येथे पूर्वी प्रवासी घोडे बदलीत, त्यावरून गावास हे नाव पडले, अशी लोकव्युत्पत्ती सांगितली जाते. मुंबईतील घरांच्या किमती न परवडल्याने अनेक नोकरदार कुटुंबे इकडे स्थायिक झाली. नगरपरिषदेची लोकसंख्या २००१ मध्ये सु. ९८,००० होती, ती २०११ मध्ये सु. १,७४,००० झाली. नोकरीसाठीचा प्रवास लोकल गाडीने होत असल्याने येथील कुटुंबास मोटार लागते ती रोजच्या कामासाठी नव्हे. रात्री-अपरात्री रुग्णालय गाठणे, वृद्धांना नेणे-आणणे, सणासुदीस गावी जाणे यांसाठी ती हवी असते. घराच्या कर्जाचा हप्ता आधीच चालू असतो. अशा मोटारीचा वापर थोडा, पण ती ऐन वेळी बंद पडता कामा नये, अशी अपेक्षा असते. म्हणून कमी किमतीची, साधी व विश्वासार्ह जुनी गाडी हा येथे स्वाभाविक पर्याय ठरतो. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर येथील वाहनांची नोंदणी कल्याणच्या परिवहन कार्यालयात होते व त्यांच्या क्रमांकापूर्वी ‘एमएच ०५’ ही अक्षरे-अंक असतात.

या परिसरातील खरेदीदारास एका विशेष धोक्याची दखल घ्यावी लागते. तो म्हणजे पुरात बुडालेली गाडी. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत उल्हास व वालधुनी या नद्यांना आलेल्या पुराने कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर येथे मोठी हानी झाली. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान पुराच्या पाण्यात अडकलेल्या महालक्ष्मी एक्सप्रेसमधून सु. १,०५० प्रवाशांची सुटका करावी लागली. अशा पुरानंतर विमा कंपन्या पूर्ण हानी मानलेली वाहने भंगारमूल्याने विकतात व त्यांपैकी काही दुरुस्त होऊन पुन्हा बाजारात येतात. जुन्या फियाटमध्ये पाणी शिरले, तर मिस्त्री इंजिन खोलून, सुकवून ती चालती करीत असे. इलेक्ट्रॉनिक नियंत्रक व तारांचे जाळे असलेल्या नव्या प्रकारच्या गाडीत मात्र गंज आतून वाढत राहतो व दोष अनेक महिन्यांनी प्रकट होतो. सतरंजीखालील गाळ, आसनांच्या रुळांवरील गंज, दमट वास आणि आसनपट्टा पूर्ण ओढल्यावर त्यावर दिसणारी पाण्याची रेघ या खुणांवरून अशी गाडी ओळखता येते.

गाडीची पारख : तपासणीचे मुख्य तत्त्व असे, की रंगरूपापेक्षा पूर्वेतिहास महत्त्वाचा. अधिकृत दुरुस्तीकेंद्रातील नोंदींवरून गाडी प्रत्यक्षात किती किलोमीटर चालली हे कळते. केवळ अंतरमापकावर विसंबता येत नाही, कारण त्यातील आकडा मागे नेता येतो. पेडलांची व सुकाणू-चक्राची झीज हा त्यावरील साधा पडताळा होय. चेसिस व इंजिन यांवरील क्रमांक नोंदणी प्रमाणपत्राशी जुळवून पाहणे आवश्यक असते. इंजिन थंड असताना सुरू करून धुराचा रंग पाहिल्यास निळसर धूर तेल जळत असल्याचे, तर सतत येणारा दाट पांढरा धूर शीतकद्रव ज्वलनकक्षात जात असल्याचे सुचवितो. दारांच्या व बॉनेटच्या फटी असमान असणे, जोडावर नवा रंग असणे या मोठ्या अपघाताच्या खुणा होत. सीएनजीची टाकी बसविलेली असल्यास तिची नोंद प्रमाणपत्रावर असावी लागते व टाकीची चाचणी दर तीन वर्षांनी करावी लागते. विक्रेत्याशी संबंध नसलेल्या मिस्त्रीकडून तपासणी करून घेण्याचा खर्च हा एकूण खर्चाचा लहान, पण सर्वांत फलदायी भाग असतो.

किमतीचा अंदाज घेताना विम्याच्या घसारा-कोष्टकाचा आधार मिळतो. त्यानुसार गाडीचे विमामूल्य सहा महिने ते एक वर्ष या वयात १५, एक ते दोन वर्षांत २०, दोन ते तीन वर्षांत ३०, तीन ते चार वर्षांत ४० व चार ते पाच वर्षांत ५० टक्क्यांनी घटते. बाजारभाव मात्र मागणीनुसार याहून कमी-अधिक असतो. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते. त्यानंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावे लागते व १ एप्रिल २०२२ पासून मोटारींसाठी त्याचे केंद्रीय शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपयांवर नेण्यात आले. म्हणून तेरा-चौदा वर्षांची गाडी स्वस्त दिसली, तरी नूतनीकरण, पर्यावरण-कर व त्यासाठी करावी लागणारी दुरुस्ती हा खर्च किमतीतच धरावा लागतो.

व्याजाचा हिशेब : जुन्या गाडीच्या कर्जाचा दर नव्या गाडीच्या कर्जापेक्षा सामान्यतः अधिक असतो. वित्तसंस्था कर्ज देते ते विक्रेत्याने सांगितलेल्या किमतीवर नव्हे, तर स्वतः ठरविलेल्या मूल्यावर. उरलेली रक्कम रोख भरावी लागते. गाडीच्या वयानुसार मुदतही कमी होते. मर्यादित उत्पन्नाच्या खरेदीदाराची सर्वाधिक फसगत होते ती सपाट दर व घटत्या शिलकीवरील दर यांतील फरकामुळे. सपाट दरात संपूर्ण मुद्दलावर पूर्ण मुदतीचे व्याज आकारले जाते. वास्तविक दर हप्त्याबरोबर मुद्दल कमी होत असते. उदा., २,००,००० रुपयांचे कर्ज तीन वर्षांसाठी १२ टक्के सपाट दराने घेतल्यास व्याज ७२,००० रुपये व मासिक हप्ता सु. ७,५५६ रुपये होतो. तेच कर्ज घटत्या शिलकीवर १२ टक्के दराने घेतल्यास हप्ता सु. ६,६४३ रुपये व एकूण व्याज सु. ३९,१५० रुपये होते. म्हणजे शब्दांत तोच असलेला दर प्रत्यक्षात सु. ३३,००० रुपयांनी महाग पडतो. १२ टक्के सपाट दर हा घटत्या शिलकीवरील सु. २१ टक्क्यांच्या बरोबरीचा ठरतो. प्रक्रियाशुल्क, कागदपत्रांचा खर्च व कर्जास जोडलेला विमा यांमुळे हे अंतर आणखी वाढते. हा भेद ग्राहकास कळावा म्हणून रिझर्व्ह बँकेने किरकोळ कर्जांसाठी सर्व खर्च धरून काढलेला वार्षिक दर दर्शविणारे मुख्य तथ्य विवरण देणे १ ऑक्टोबर २०२४ पासून बंधनकारक केले.

नोंदणी व दायित्व : जुन्या गाडीच्या व्यवहारातील सर्वांत गंभीर चूक यंत्रातील नसून कागदातील असते. कायद्याने (कलम ५०) राज्यातल्या राज्यात गाडी विकणाऱ्याने चौदा दिवसांत व घेणाऱ्याने तीस दिवसांत नोंदणी प्राधिकाऱ्यास कळविणे आवश्यक आहे. त्यासाठी नमुना २९ व ३०, आणि बोजा असल्यास तो उतरविण्याचा नमुना ३५ व वित्तसंस्थेचे ना हरकत प्रमाणपत्र लागते. प्रत्यक्षात कोऱ्या नमुन्यांवर सह्या घेऊन गाडी हातोहात फिरविण्याची प्रथा दीर्घकाळ चालत आली. अशा एका प्रकरणात गाडी अनेकदा विकली गेली होती, परंतु नोंदवहीतील नाव पहिल्या मालकाचेच होते. तिच्या अपघातात एकाचा मृत्यू झाला. भरपाईचे दायित्व नोंदणीकृत मालकाचेच, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला. ज्याने वर्षापूर्वी गाडी विकून पैसे घेतले व ती विसरून गेला, त्याच्यावरही असा लाखो रुपयांचा बोजा येऊ शकतो.

खरेदीदाराचा धोका वेगळा असतो. विक्रेत्याचे कर्ज चालू असताना उरलेले हप्ते भरण्याच्या तोंडी बोलीवर गाडी घेतल्यास वित्तसंस्थेच्या लेखी तिचा ऋणको मूळ मालकच राहतो. त्याने इतरत्र पैसा खर्च केला व हप्ते थकले, तर गाडी जप्त होते आणि खरेदीदाराची रोख रक्कम व गाडी दोन्ही जातात. विम्याबाबतही असाच भेद आहे. मालकी बदलल्यावर त्रयस्थ व्यक्तीच्या हानीचा विमा कायद्याने नव्या मालकाकडे जातो. स्वतःच्या गाडीच्या हानीचा विमा मात्र कंपनीकडे हस्तांतर करून घेतल्याशिवाय लागू होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये स्पष्ट केले. दावा न केल्याबद्दल मिळणारी सवलत ही गाडीची नसून व्यक्तीची असते व ती विक्रेत्याकडेच राहते.

अलीकडील बदल : वाहननोंदणीचे अभिलेख संगणकीकृत झाल्यापासून गाडीवरील कर्जबोजा, विम्याची मुदत, मालकांची संख्या व थकीत दंड यांची पडताळणी खरेदीपूर्वी करता येते. जी माहिती पूर्वी दलालाकडेच असे, ती काही अंशी सर्वांस खुली झाली आहे. केंद्रीय मोटारवाहन नियमांत डिसेंबर २०२२ मध्ये केलेल्या दुरुस्तीनुसार जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांना १ एप्रिल २०२३ पासून नोंदणी प्राधिकाऱ्याचे प्राधिकारपत्र घ्यावे लागते. विक्रीसाठी गाडी त्यांच्या ताब्यात दिल्याची सूचना नोंदविली गेल्यावर तिची जबाबदारी व्यापाऱ्यावर येते. नोंदणीकृत व्यापाऱ्याने विकलेल्या जुन्या गाडीवर २०२५ पासून १८ टक्के वस्तू व सेवा कर आहे. मात्र तो पूर्ण किमतीवर नसून व्यापाऱ्याच्या नफ्याच्या रकमेवरच आकारला जातो. खाजगी व्यक्तींतील आपसांतल्या विक्रीवर तो लागत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान नव्या मोटारींवरील हा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आल्याने नवी व जुनी गाडी यांच्या किमतींतील अंतर कमी झाले. त्यामुळे अल्प वापर झालेली जुनी गाडी चढ्या व्याजाने घेण्यापूर्वी त्याच वर्गातील नव्या गाडीच्या एकूण खर्चाशी तिची तुलना करणे अधिक आवश्यक झाले आहे. ही तुलना करताना किंमत, सर्व हप्त्यांची बेरीज, हस्तांतरणाचा खर्च, विमा व पहिल्या वर्षातील दुरुस्ती हे पाचही घटक एकत्र मांडावे लागतात. यांतील एकही वगळल्यास स्वस्त वाटणारी गाडी कुटुंबाच्या मासिक उत्पन्नावर दीर्घकाळ भार होऊन राहते.